वेग वाढला की मॉडेल नाक खाली घालतं, नाकात वजन टाकूनही थांबत नाही? आधी शेपटी तपासा

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांत हा प्रॉब्लेम इतक्या लोकांना इतक्या वेळा येतो की एकदा सगळं नीट लिहून काढतोय. लक्षण असं: अर्ध्या थ्रॉटलवर मॉडेल छान सरळ चाललंय, ट्रिम लागलंय, म्हणजे रिमोटची स्टिक सोडली तरी उंची धरतंय. मग वेग वाढवला किंवा थोडं उतरतं सोडलं की नाक हळूहळू खाली जायला लागतं, वेग अजून वाढतो, नाक अजून खाली जातं, आणि एलिव्हेटर (शेपटीच्या आडव्या पंखाचा मागचा हलणारा भाग) ओढला तर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम उचलतं. खाली उतरवून बघितलं तर काही तुटलेलं नाही, सर्वो (एलिव्हेटर हलवणारी छोटी मोटर) चालतोय, बॅटरी ठीक आहे. मग कोणीतरी सांगतं की मॉडेल टेल हेवी म्हणजे शेपटीकडे जड आहे, नाकात वजन टाक. वजन टाकलं, एलिव्हेटरला थोडं वरचं ट्रिम दिलं, संथ वेगात तर आधीपेक्षा छान उडायला लागलं, आणि पुढच्या वेळी पूर्ण वेगात परत तेच, उलट जास्तच.

नाकात वजन टाकायचा सल्ला एरवी बरोबर असतो, पण शेपटी ताठ आहे असं धरूनच तो दिलेला असतो. शेपटी वाऱ्याच्या दाबाने वाकत असेल तर हाच सल्ला प्रॉब्लेम वाढवतो. का ते समजलं की दुरुस्ती आपोआप सुचते, म्हणून आधी जरा थिअरी, कंटाळा करू नका.

साध्या विमानात पंख पुढे आणि स्टॅबिलायझर, म्हणजे शेपटीचा आडवा छोटा पंख (पुढे नुसता स्टॅब), मागे असतो. सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) न्यूट्रल पॉइंटच्या (सीजी याच्या मागे गेला तर विमान स्वतःला सावरत नाही) पुढे ठेवतो, म्हणजे नाक स्वतःहून खाली जायला बघतं, त्यात पंखाच्या सेक्शनला (आडव्या छेदाला) वरून फुगवटा असेल तर त्याचाही नाक खाली दाबणारा मोमेंट (फिरवणारा जोर) असतो. हे सगळं तोलायला शेपटी बहुतेक वेळा खालच्या बाजूला जोर लावत असते. आल्फोंस पेनो नावाच्या फ्रेंच माणसाने १८७१ साली रबरावर उडणारं मॉडेल बनवलं त्यात मागचा छोटा पंख मुद्दाम उणे कोनात बसवला होता, आणि आजही आपण पंख आणि स्टॅब यांच्या कोनात जो थोडा फरक ठेवतो तो त्याच कारणासाठी.

आता वेग वाढला की काय होतं बघा. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दीडपट झाला तर जोर सव्वादोन पट, दुप्पट झाला तर चौपट. पंखाचा जोर वाढतो तसा शेपटीचाही त्याच प्रमाणात वाढतो. सीजी बरोबर असलेलं ताठ विमान वेग वाढल्यावर नाक वर उचलतं, कारण ट्रिम केलेल्या वेगापेक्षा आता शेपटी जास्त खाली दाबतेय. हेच आपल्याला हवं असतं, वेग वाढला की नाक वर, वेग कमी झाला की नाक खाली, आणि विमान स्वतःच सावरतं. पण एलिव्हेटर वर धरून ठेवणारा पुशरॉड (सर्वोपासून एलिव्हेटरपर्यंतचा दांडा) लवचिक असेल तर वाढलेला जोर एलिव्हेटरला परत मधल्या रेषेकडे ढकलतो. म्हणजे ट्रान्समीटरवर ट्रिम तेच आहे, सर्वोचा हात हललेला नाही, पण हवेत एलिव्हेटरचा कोन कमी झालाय. शेपटीचा खाली दाबणारा जोर जिथे वाढायला हवा तिथे तो पुरत नाही, नाक खाली जातं, वेग वाढतो, एलिव्हेटर अजून ढकलला जातो. नाकात वजन टाकलं की एलिव्हेटरला आणखी वरचं ट्रिम लागतं, म्हणजे पुशरॉडवर आणखी भार येतो, म्हणजे तो आणखी वाकतो. वजन टाकून प्रॉब्लेम वाढला असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना भास होत नसतो, खरंच वाढलेला असतो.

नुसता पुशरॉडच नाही, मागची फ्यूजलाज (विमानाचं धड) किंवा बूम (शेपटी धरणारी लांब दांडी) बारीक असेल तरी हाच परिणाम. शेपटी खाली दाबतेय म्हणजे बूमचं मागचं टोक खाली वाकतं, टोक खाली गेलं की त्याच्यावर बसलेल्या स्टॅबचा पुढचा काठ तुलनेने वर होतो, म्हणजे त्याचा उणे कोन कमी होतो आणि खाली दाबणारा जोर घटतो. लांब बूमच्या ग्लायडरमध्ये हे खूप दिसतं. पंख पिळला जाणं हे तिसरं कारण, पातळ पंख वेगात पुढचा काठ खाली करून पिळतो आणि नाक खाली जातं, पण ते इथे फार लांबवत नाही, फक्त शेपटी तपासून काहीच सापडलं नाही तर तिकडे बघा.

टेल हेवी की लवचिक, हे उडवतानाच बरंच कळतं. खरं टेल हेवी मॉडेल संथ वेगातच त्रास देतं, एलिव्हेटर जरा हलवला तरी खूप उसळतं, स्टॉल होताना (पंखाची उचल सुटताना) पटकन पडतं, आणि सरळ उडताना एलिव्हेटर मधोमध किंवा चक्क थोडा खाली असतो. लवचिक शेपटीचं मॉडेल संथ वेगात एकदम शहाणं असतं, सरळ उडताना एलिव्हेटर डोळ्याला दिसेल इतका वर असतो, आणि वेगात मात्र स्टिकला मऊ, उशिरा उत्तर देतं. डाइव्ह टेस्ट करून सीजी ठरवणारे लोक इथेच फसतात. त्या टेस्टमध्ये उतरत्या रेषेत सोडून स्टिक मोकळी करायची असते आणि नाक जोरात वर आलं तर नोज हेवी, अजून खाली गेलं तर टेल हेवी असं ठरवतात. टेस्ट चांगली आहे, मी पण करतो, पण ताठ शेपटीवरच. लवचिक शेपटीचं नोज हेवी मॉडेल या टेस्टमध्ये हुबेहूब टेल हेवी दिसतं.

टेबलावरची तपासणी

मॉडेल टेबलावर ठेवा, रिसीव्हर चालू करा म्हणजे सर्वो जागा धरून राहील, पण मोटर असेल तर प्रोपेलर आधी काढा, हे विसरायचं नाही. एका हाताने स्टॅब धरा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत एलिव्हेटरचा मागचा काठ हलकेच पकडून वर-खाली करा. जोर लावायचा नाही, फक्त मोकळा हलतो तेवढाच हलवायचा. हा जो फुकटचा खेळ आहे तो बघा. एलिव्हेटरची रुंदी ४० मिमी असेल आणि काठ १ मिमी मोकळा हलत असेल तर तो जवळपास दीड अंशाचा ढिलेपणा झाला. कितीतरी मॉडेलमध्ये सरळ उडवायचं पूर्ण ट्रिमच दीड-दोन अंशाचं असतं, म्हणजे तुमचं ट्रिम दर फ्लाइटला कुठेही बसू शकतं.

आता हा ढिलेपणा येतो कुठून ते एकेक जागा धरून शोधा. बहुतेक वेळा क्लेव्हिसची (पुशरॉडच्या टोकाच्या चिमट्याची) पिन आणि हॉर्नचं (एलिव्हेटरवरच्या छोट्या हाताचं) भोक इथे असतो. भोक पिनेपेक्षा ०.३ मिमी मोठं आहे आणि ते हिंजच्या (बिजागरीच्या) रेषेपासून १२ मिमीवर आहे असं धरा, तर ४० मिमीवरच्या काठाला तोच खेळ १ मिमी होऊन दिसतो. क्लेव्हिस २० मिमीवरच्या भोकात लावला तर तोच ढिलेपणा ०.६ मिमीवर येतो, काही न बदलता. म्हणून सर्वोच्या हातावर आतलं भोक आणि एलिव्हेटरच्या हॉर्नवर बाहेरचं भोक वापरायचं, हालचाल कमी वाटली तरी जोर आणि पकड दोन्ही वाढतात. लोक उलटं करतात, सर्वोवर सगळ्यात बाहेरचं भोक लावतात आणि मग हालचाल जास्त झाली म्हणून ट्रान्समीटरमध्ये रेट (हालचालीचं प्रमाण) ३०-४० टक्क्यांवर आणतात. त्यात सर्वोची अर्धी ताकद आणि बारकावा वाया जातो आणि गिअरचा ढिलेपणा मोठा होऊन एलिव्हेटरवर येतो.

ढिलेपणा झाला, आता लवचिकपणा. हे वेगळं आहे, दोन्ही एकत्र धरू नका. आता एलिव्हेटर वर दिलेल्या स्थितीत ठेवून मागच्या काठावर बोटाने खाली दाबा, आणि त्याच वेळी फ्यूजलाजमध्ये पुशरॉडकडे डोळा लावून बघा, टॉर्च असेल तर अजून छान. काठ दबतोय आणि सर्वोचा हात जागचा हललेला नाही, तर मधे काहीतरी वाकतंय. पुशरॉड मधेच धनुष्यासारखा होतोय, किंवा सर्वोचा ट्रेच वाकतोय, किंवा सर्वोच्या स्क्रूखालचे रबर ग्रोमेट दबतायत, किंवा हॉर्नच्या बुडाखालचा फोम दबतोय. एकदा डोळ्याने बघितलं की कारण शोधत बसावं लागत नाही. फोमच्या मॉडेलमध्ये हॉर्नच्या बुडाचा फोम दबणं इतकं कॉमन आहे की मी तिथे आधी बघतो, वरून खालून पातळ प्लायचा किंवा प्लास्टिकचा तुकडा देऊन मधे स्क्रू आरपार आवळला की निम्मा त्रास जातो.

पुशरॉडबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो जी फार कमी लोक बघतात. हॉर्न एलिव्हेटरच्या खालच्या बाजूला असेल तर एलिव्हेटर वर करायला पुशरॉड मागे ढकलावा लागतो, म्हणजे नेमका डाइव्हमधून बाहेर काढताना तो दाबाखाली असतो आणि दाबाखालचा लांब बारीक रॉड वाकतोच. हॉर्न वरच्या बाजूला असेल तर एलिव्हेटर वर करताना पुशरॉड ओढला जातो आणि ओढलेला रॉड वाकत नाही. ज्या मॉडेलला जागा आहे तिथे हॉर्न वर लावा. जागा नसेल तर रॉडला मधे आधार द्या. दाबाखालचा रॉड वाकायला जो भार लागतो तो लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतो, त्यामुळे बरोबर मधे एक पक्का आधार दिला की तोच रॉड चौपट भार सहन करतो. फ्यूजलाजच्या एखाद्या फॉर्मरला (आतल्या आडव्या चौकटीला) भोक पाडून त्यात नळीचा छोटा तुकडा चिकटवला तरी काम होतं, वजन नगण्य.

आणि प्लास्टिकच्या नळीत प्लास्टिकचा रॉड असा सेट असेल तर तापमानाने त्याची लांबी बदलते. सकाळी गारव्यात लावलेलं ट्रिम दुपारी उन्हात चालत नाही याचं कारण तेच, मॉडेलमध्ये दुसरी काही खोट शोधत बसू नका. मोठ्या मॉडेलमध्ये कार्बनचा रॉड वापरा, नाहीतर सर्वो सरळ शेपटीत घ्या.

डावा-उजवा एलिव्हेटर

दोन्ही एलिव्हेटर एकमेकांना कसे जोडलेत हे बघा. एका बाजूचा एलिव्हेटर हाताने घट्ट धरा आणि दुसरा हलवा. बारीक तारेने जोडलेले असतील तर दुसरा चांगला चार-पाच मिमी पिळला जातो, आणि पुशरॉड एकाच बाजूला असेल तर ज्या बाजूला पुशरॉड नाही तो एलिव्हेटर वेगात तारेच्या भरवशावर असतो. नाक खाली जातानाच मॉडेल एका बाजूला कलत असेल तर इथेच बघा.

हा दोष विमानांइतकाच जुना आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, हँडली पेज कंपनीच्या दोन इंजिनांच्या बॉम्बरची शेपटी हवेत भयानक थरथरायला लागली. तपासायला ब्रिटिश इंजिनियर फ्रेडरिक लँचेस्टर यांना बोलावलं. त्या विमानात दोन्ही एलिव्हेटर वेगवेगळ्या केबल्सनी चालायचे, एकमेकांना जोडलेले नव्हते, त्यामुळे फ्यूजलाज पिळली की एक एलिव्हेटर वर आणि दुसरा खाली असे उलटसुलट हलायचे आणि फ्यूजलाजला अजून पिळायचे. उपाय एकच निघाला, दोन्ही एलिव्हेटर एका ताठ टॉर्क ट्यूबने जोडणे. फ्लटरचा (हवेच्या जोराने होणाऱ्या अशा थरथरण्याचा) पद्धतशीर अभ्यास झाला त्यातला हा अगदी सुरुवातीचा. आणि तरीही वर्षभरात डी हॅविलँडच्या डीएच ९ विमानावर तोच दोष परत आला, उपायही तोच. म्हणून सांगतो, जोडणारी तार जाड घ्या. गोल रॉडचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, २ मिमीच्या जागी ३ मिमीची तार म्हणजे पाचपट ताठ. तार एलिव्हेटरमध्ये जिथे शिरते तिथे नुसता बाल्सा (हलकं मऊ लाकूड) असेल तर भोक मोठं होतं, तिथे थोडं हार्डवुड किंवा फायबरग्लासचा पट्टा द्या आणि इपॉक्सीने बसवा.

स्टॅबच वाकतोय तर

वरचं सगळं ठीक असेल तर स्टॅब स्वतः तपासा. मॉडेलच्या मागे दोन-तीन मीटर उभं राहून एक डोळा मिटून बघा, पंखाची रेषा आणि स्टॅबची रेषा समांतर दिसली पाहिजे. मग नाकाच्या मधल्या बिंदूपासून स्टॅबच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरा लावून अंतर मोजा, दोन्हीकडे सारखं हवं. शेवटी स्टॅबचं टोक बोटात धरून पिळा. पुढचा काठ वर, मागचा खाली असा सहज पिळला गेला तर तो वेगातही पिळणार.

उघड्या फ्रेमचा स्टॅब असेल आणि त्यात रिब्ज (आतल्या आडव्या पट्ट्या) नुसत्या काटकोनात असतील तर तो पिळाला जवळजवळ काहीच विरोध करत नाही, सगळी ताकद कव्हरिंगवर (वरून ताणून लावलेल्या फिल्मवर) असते. तिरक्या रिब्ज घातल्या, एकेक चौकट त्रिकोणात भागली, की त्याच वजनात तो कितीतरी ताठ होतो. सपाट शीटचा स्टॅब असेल तर जाडी महत्त्वाची, वाकण्याचा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, ३ मिमीच्या जागी ५ मिमी घेतलं तर साडेचार पटीपेक्षा जास्त. पण शेपटीतलं वजन महाग पडतं हे लक्षात ठेवा. शेपटी सीजीपासून ७०० मिमी मागे आणि नाकात वजन ठेवायची जागा २५० मिमी पुढे असेल तर शेपटीत वाढलेल्या १० ग्रॅमला नाकात २८ ग्रॅम लागतात. म्हणून नुसतं जाड लाकूड टाकण्यापेक्षा हलका बाल्सा आणि त्यात कार्बनची पट्टी किंवा रॉड हा मार्ग चांगला, पट्टी वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाच्या जितकी जवळ तितका फायदा, मधे पुरलेली पट्टी फार काही करत नाही.

एक नुकसान असं आहे जे कव्हरिंग लावताना होतं आणि महिनोन् महिने दिसत नाही. स्टॅब फ्यूजलाजला चिकटवायच्या जागेवरची फिल्म ब्लेडने कापतात आणि ब्लेड खालच्या बाल्सात उतरतं. केसाएवढा चर पडतो, पण तो पडतो नेमका स्टॅबच्या मुळाशी, जिथे वाकण्याचा भार सगळ्यात जास्त असतो. मग एके दिवशी साध्या लूपमध्ये स्टॅब तिथूनच दुमडतो आणि तुटलेली कड अशी सरळ दिसते जणू पट्टी ठेवून कापलीय. फिल्म सोल्डरिंग आयर्नच्या गरम टोकाने कापा, फिल्म वितळते आणि लाकूड शाबूत राहतं. आणि चिकटवायच्या जागेवर फिल्म अजिबात ठेवायची नाही, ग्लू फिल्मला धरेल पण फिल्म लाकडाला किती दिवस धरेल याची खात्री नसते.

कव्हरिंगमुळे आलेला पीळ असेल तर तो काढता येतो. उलट्या दिशेला पिळून धरा, दोन्ही बाजूंवर गरम हवा फिरवा, पूर्ण गार होईपर्यंत सोडू नका. नवीन लावताना एक बाजू पूर्ण ताणून मग दुसरी असं करू नका, दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या ताणा.

नवीनच बनवायचा असेल तर

नवीन बनवणार असाल तर आधी मापं बघा, म्हणजे तोच प्रॉब्लेम परत बांधला जाणार नाही. शेपटी पुरेशी आहे का हे नुसत्या क्षेत्रफळावरून कळत नाही, अंतरही मोजावं लागतं. सूत्र सोपं आहे, स्टॅबचं क्षेत्रफळ गुणिले पंखापासून शेपटीचं अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले पंखाची सरासरी रुंदी. याला टेल व्हॉल्यूम म्हणतात. अंतर पंखाच्या पाव रुंदीच्या रेषेपासून स्टॅबच्या पाव रुंदीच्या रेषेपर्यंत घ्या. समजा पंख १५०० मिमी लांब, २५० मिमी रुंद, स्टॅब ५०० बाय १५० आणि अंतर ७०० मिमी. आकडे टाकले की उत्तर ०.५६ येतं. साध्या स्पोर्ट मॉडेलला ०.५ ते ०.६ च्या आसपास छान चालतं. खऱ्या विमानांत एका इंजिनाच्या छोट्या विमानाला साधारण ०.७ आणि प्रवासी जेटला १ च्या जवळ असतो, कारण त्यांना प्रवासी-सामान कुठेही बसलं तरी सीजीचा मोठा पल्ला सांभाळायचा असतो आणि फ्लॅप्सचा मोमेंटही तोलायचा असतो.

वरच्या मापांना न्यूट्रल पॉइंट पंखाच्या रुंदीच्या ४७-४८ टक्क्यांवर येतो. फ्यूजलाज तो थोडा पुढे खेचते, म्हणून सीजी सुरुवातीला ३० टक्क्यांवर, म्हणजे पंखाच्या पुढच्या काठापासून ७५ मिमीवर ठेवा आणि मग हळूहळू मागे न्या. तुमचं गणित ०.५ च्या वर येत असेल तर शेपटीच्या आकाराला दोष देऊ नका, मोठा स्टॅब लावून काही सुटत नाही. मोठा आणि तितकाच मऊ स्टॅब म्हणजे जास्त भार आणि जास्त वाकणं.

सेक्शन सिमेट्रिकल घ्या, कारण शेपटीला वर आणि खाली दोन्हीकडे काम करायचं असतं. छोट्या मॉडेलला सपाट शीट चालते, पण वेगाचं मॉडेल असेल तर NACA ०००९ या प्रमाणित आकारासारखा ९ टक्के जाडीचा सेक्शन घेतला तर १५० मिमी रुंदीला १३.५ मिमी खोली मिळते आणि त्या खोलीत स्पार (लांबीभर जाणारी मुख्य दांडी) टाकून ताठपणा जवळजवळ फुकट मिळतो. एलिव्हेटर रुंदीच्या २५ ते ३५ टक्के ठेवा. हिंजमधली फट कमीत कमी, आणि शक्य असेल तर खालून पारदर्शक टेपने बंद करा. फटीतून हवा एका बाजूने दुसऱ्या बाजूला निसटली की एलिव्हेटरचा असर कमी होतो, मग जास्त कोन द्यावा लागतो, मग परत जास्त भार.

खऱ्या विमानाचा स्टॅब कसा असतो ते डोळ्यासमोर ठेवलं तर आपलं बांधकाम सुधारतं. पुढचा आणि मागचा असे दोन स्पार, त्यांना जोडणाऱ्या रिब्ज आणि वर-खाली स्किन, असा एक बंद डबा तयार होतो आणि पिळाला विरोध हा बंद डबाच करतो. एलिव्हेटरच्या हिंजेस मागच्या स्पारवर, रिब जिथे येते तिथेच, म्हणजे भार सरळ आत उतरतो. धातूऐवजी कार्बन फायबर वापरतात तिथेही रचना हीच असते, एअरबसने ए ३१० ची उभी फिन कार्बन फायबरची केली ती १९८० च्या दशकात. आपल्या मॉडेलमध्ये पुढच्या काठापासून स्पारपर्यंत वरून-खालून पातळ बाल्सा शीट लावली की छोटासा बंद डबा तयार होतो, एवढं जरी केलं तरी हातात धरून पिळताना फरक कळतो.

प्रवासी जेटमध्ये तर अख्खा स्टॅबच ट्रिमसाठी हलतो, मागच्या स्पारजवळ पिव्हट आणि पुढच्या बाजूला जॅकस्क्रू (फिरून स्टॅब वर-खाली करणारा मोठा स्क्रू). त्या स्क्रू आणि नटमधला ढिलेपणा ठराविक काळाने मोजतात. ३१ जानेवारी २००० ला अलास्का एअरलाइन्सचं एमडी ८३ पडलं आणि ८८ माणसं गेली, त्यात ग्रीस न मिळाल्याने नटचे आटे झिजून संपले होते. त्या जातीच्या विमानात ढिलेपणाची मर्यादा ०.०४ इंच होती, म्हणजे १ मिमी. इतक्या मोठ्या विमानाला १ मिमी चालतो म्हणून आपल्याला चालेल असा अर्थ काढू नका, आपला एलिव्हेटर ४० मिमीचा आहे.

उभ्या फिनचं गणितही तसंच, फक्त भागताना पंखाची रुंदी न घेता पूर्ण लांबी घ्यायची, ०.०३ ते ०.०४ मिळालं की बास. फिन लहान असेल तर मॉडेल शेपूट हलवत डोलत चालतं. टी टेल (स्टॅब फिनच्या वरच्या टोकावर) बनवत असाल तर स्टॅबचा सगळा भार फिनमधून जातो, तेव्हा फिनचा स्पार फ्यूजलाजमध्ये खोल उतरवा, नुसता वरून चिकटवू नका.

फ्लटरचा आवाज आला तर

कधी कधी नाक खाली जाण्याबरोबर शेपटीतून भुर्र असा आवाज येतो आणि एलिव्हेटरची कड धूसर दिसते. हा फ्लटर. त्या क्षणी थ्रॉटल बंद, नाक अगदी हळू वर घ्या, वेग उतरू द्या आणि लगेच उतरवा. परत उडवायच्या आधी सर्वोचे गिअर, प्रत्येक हिंज, हॉर्नचे स्क्रू आणि स्टॅबचं मूळ तपासा, कारण दोन सेकंदाच्या फ्लटरने पण हिंजेस निम्म्या सुटलेल्या असतात. ढिलेपणा काढणं हा पहिला उपाय, ताठ जोडणी हा दुसरा, आणि वेगाचं मॉडेल असेल तर तिसरा म्हणजे मास बॅलन्स. एलिव्हेटरचं वजन हिंजच्या मागे असतं, ते हिंजच्या पुढे थोडं वजन देऊन तोललं की स्टॅब वर-खाली हलला तरी एलिव्हेटर मागे रेंगाळत नाही. नेदरलँड्समध्ये १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बाउमहाउअर आणि कोनिंग या संशोधकांनी हे दाखवून दिलं, आणि खऱ्या विमानांच्या एलिव्हेटरच्या टोकाला पुढे आलेला जो शिंगासारखा भाग दिसतो त्यात बऱ्याचदा हेच वजन असतं. एलिव्हेटर जड रंगाने रंगवला, त्यावर मोठे स्टिकर लावले, तरी हा तोल बिघडतो, तेव्हा मागचा भाग हलका ठेवा.

दुरुस्ती झाल्यावर

सगळं ताठ केलं की जुनं ट्रिम तसंच ठेवून उडवू नका. आधी नाकात टाकलेलं जास्तीचं वजन काढून सीजी मूळ जागी, ३० टक्क्यांच्या आसपास आणा. एलिव्हेटर पट्टी लावून स्टॅबच्या सरळ रेषेत करा, सर्वोचा हात काटकोनात, आणि त्यासाठी क्लेव्हिस फिरवा, ट्रान्समीटरचं सब-ट्रिम वापरू नका. पंख रबर बँडने बांधलेला असेल तर त्याची बैठकही बघा, २५० मिमी रुंदीच्या पंखाखाली पुढे १ मिमी फरक पडला तरी पाव अंश बदलतो आणि तो दर वेळी बदलला तर शेपटी कितीही ताठ असून ट्रिम टिकणार नाही.

मग भरपूर उंचीवर अर्ध्या थ्रॉटलला ट्रिम करा, वेग टप्प्याटप्प्याने वाढवा, आणि प्रत्येक टप्प्यावर स्टिक मोकळी करून नाक कुठे जातंय ते बघा. हळूहळू वर येत असेल तर शेपटी आता पकड धरतेय, यानंतर डाइव्ह टेस्टवर विश्वास ठेवायला हरकत नाही, आणि सीजी एका वेळी दोन-तीन मिमी मागे नेत बसवा. अजूनही खाली जात असेल तर नाकात वजन न टाकता उतरवा आणि परत एलिव्हेटरची कड दोन बोटांत धरून सुरुवात करा, या वेळी दुसऱ्या कोणाला तरी पुशरॉडकडे बघायला सांगा आणि तेवढ्यात तुम्ही सर्वोच्या ट्रेवर बोट ठेवून तो हलतोय का ते बघा.